नवीन छोटं ऑनलाइन दुकान: खरोखर लागणारे प्लगिन्स कोणते?

आगळवाला
मंडळी, आमच्या वहिनी कुडाळहून मालवणी मसाला, कोकमाचं आगळ, आमसुलं आणि कुळथाचं पीठ विकतात. आत्तापर्यंत सगळा कारभार व्हॉट्सॲपवर होता. आता वर्डप्रेस आणि त्यावर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्सवर साइट उभी केलीय, शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक साइट्समध्ये वाटलेला). यूट्यूबवर जो तो पंचवीस प्लगिन्सची (साइटला जादा सोयी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) यादी वाचून दाखवतो. बजेट जेमतेम आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_कोडर
यादी राहू द्या, आधी वूकॉमर्सच्या सेटिंग्ज उघडून बघा. पाव किलो आणि अर्ध्या किलोला वेगळी किंमत, कूपन, कॅश ऑन डिलिव्हरी (सीओडी), पिनकोडनुसार शिपिंग झोन हे सगळं मुळातच आहे. सीओडी फक्त सिंधुदुर्गात द्यायची तर तिथल्या पिनकोडांचा झोन करा आणि सीओडीच्या सेटिंगमध्ये त्याच झोनची शिपिंग पद्धत निवडा. एवढ्यासाठी लोक वर्षाला पैसे मोजतात!

बाहेरून पहिल्या दिवशी लागतात ते तीनच: पेमेंट, ईमेल, बॅकअप.

पेमेंटला रेझरपेचा अधिकृत प्लगिन चालेल, पण वेबहुक (पैसे मिळाल्याचा निरोप रेझरपेकडून थेट साइटला पोचवणारी सोय) लावल्याशिवाय दुकान उघडू नका. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे भरतं आणि साइटवर परत न येता फोन खिशात टाकतं. वेबहुक नसेल तर ऑर्डर 'पेंडिंग'मध्येच अडकू शकते. स्टॉकची नोंद वूकॉमर्सवर ठेवली असेल तर अशी ऑर्डर ६० मिनिटांनी आपोआप रद्द होते, मूळ सेटिंगच तसं आहे. म्हणजे पैसे आले, ऑर्डर रद्द, आणि शिव्या वहिनींना.

माळ्यावरची_मांजर
खडूसशेठना +१. ईमेलचं जरा सविस्तर सांगते, कारण तिकडे कुणी बघत नाही. वर्डप्रेस होस्टिंगच्याच सर्व्हरवरून मेल पाठवतं, आणि अशा मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जातात. ऑर्डर आल्याचं दुकानदारालाच कळत नाही. डब्ल्यूपी मेल एसएमटीपी हा प्लगिन टाका (तो मेल वेगळ्या मेल सेवेतून पाठवतो), डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी (मेल खरंच तुमच्या डोमेनकडून आल्याची खूण) करा, मग स्वतःच्या जीमेलवर एक खोटी ऑर्डर पाठवून बघा.

बॅकअपला अपड्राफ्टप्लस, मोफतवाला पुरतो. बॅकअप गुगल ड्राइव्हवर पाठवा, त्याच होस्टिंगवर ठेवलात तर होस्टिंगबरोबर तोही जाईल.

आगळवाला
आभार! सिक्युरिटीला वर्डफेन्स प्लगिन हवाच का? आणि जीएसटीचं काय?

खडूस_कोडर
शेअर्ड होस्टिंगवर त्याचं स्कॅन जड जातं. मजबूत पासवर्ड, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर दुसरा कोड) आणि वेळच्या वेळी अपडेट, इतकं पुरे.

माळ्यावरची_मांजर
इथे मात्र असहमत. टू-फॅक्टर वर्डफेन्सच्या मोफत आवृत्तीतच मिळतं. स्कॅन जड जात असेल तर त्याच्या सेटिंगमधला 'लो रिसोर्स' पर्याय चालू करायचा. मोफतवाल्यांना फायरवॉलचे (घुसखोरी अडवणाऱ्या भिंतीचे) नवे नियम ३० दिवस उशिरा मिळतात, तरी अजिबात नसण्यापेक्षा बरं. आणि कुणी प्रीमियम प्लगिन 'नल्ड' करून (परवान्याचं कुलूप तोडून) फुकट देऊ केला तर हात जोडा. त्यात बरेचदा मालवेअर असतं.

जमाखर्च
जीएसटीवर मी बोलतो. स्वतःच्या साइटवरून करपात्र माल राज्याबाहेर पाठवणार असाल, अगदी पणजी-बेळगावला, तर उलाढाल कितीही असो, साधारणपणे नोंदणी लागते. तुमच्या सीएंना विचारून घ्या. कराची गणितं वूकॉमर्समध्येच होतात. फक्त सीजीएसटी आणि एसजीएसटीच्या (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) ओळींना वेगवेगळी प्रायॉरिटी द्या. एकाच प्रायॉरिटीत दोन्ही टाकल्या तर एकच लागू होते आणि बिलात निम्मा कर दिसतो. बिल छापायला 'पीडीएफ इन्व्हॉइसेस अँड पॅकिंग स्लिप्स' मोफत आहे.

अवांतर: खाण्याचा माल आहे, तेव्हा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक साइटवर दिसू द्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही द्यावा लागतो. त्याला प्लगिन नको, एक पान पुरतं.

खडूस_कोडर
कॅशचं राहिलं, म्हणजे पानांची तयार प्रत ठेवून साइट वेगाने उघडणं, रोख पैशाचं नव्हे. होस्टिंग लाइटस्पीड सर्व्हरवर असेल तर लाइटस्पीड कॅश टाका. दुसरा कुठलाही घेतलात तर कार्ट, चेकआउट आणि 'माय अकाउंट' ही पानं वगळलीत ना, ते तपासा. एसईओचा (गुगलवर साइट वर दिसण्यासाठीचा) प्लगिन महिनाभराने टाकलात तरी चालेल, आधी मसाल्याचे फोटो बरे काढा.

आगळवाला
शेवटचा प्रश्न. वहिनींना व्हॉट्सॲपचं हिरवं बटण हवंच आहे. त्याला प्लगिन कोणता?

माळ्यावरची_मांजर
कुठलाच नको. क्लिक-टू-चॅटची लिंक (दाबली की थेट व्हॉट्सॲपवर गप्पा उघडणारी) पानाच्या तळाशी, फूटरमध्ये टाका, झालं. आणि आगळ पुण्याला पाठवता का, ते सांगा.