14 आकडी नंबर की प्लास्टिकची पिशवी?

जांबोटीकर:
परवा इथे एका शहाण्याने लिहिलं, "आभा काढा, मनगटाला स्मार्टवॉच बांधा, खेड्यातला माणूस पुण्यातल्याइतकाच सुरक्षित. तरी काही लोक अजून रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन फिरतात." आभा म्हणजे सरकारचा 14 आकडी आरोग्य नंबर, त्याला दवाखान्यातले रेकॉर्ड जोडता येतात. आणि ती पिशवीवाली जमात म्हणजे आम्ही. उत्तर लांबलचक आहे, कंटाळा असेल त्याने पुढे जावं.

जुलैतली गोष्ट. कणकुंबीकडे पाऊस लागला की आधी लाईट जाते, मग टॉवर. तिसऱ्या रात्री आईच्या छातीत कळ आली. जीप मिळवून बेळगावला पोचेस्तोवर पहाट. काउंटरवरची पोरगी म्हणते, जुने रेकॉर्ड आभावर दाखवा. ओटीपी जाणार आधारच्या नंबरवर. तो नंबर धाकट्याचा, धाकटा गोव्यात वेर्ण्याला रात्रपाळीत, फोन लॉकरमध्ये. शेवटी पिशवीतून दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी काढला. डॉक्टरांनी जुना-नवा शेजारी ठेवून बघितला आणि म्हणाले, हा बदल नवा आहे, ॲडमिट करा. तेव्हा पिशवीला नावं ठेवायची नाहीत.

अनगोळ_टेकी:
तो शहाणा मी. आई आता बरी आहे ना? मग ऐका. आभामध्ये रेकॉर्ड साठवलेलेच नसतात. ते ज्या त्या दवाखान्यातच राहतात, नंबर फक्त दुवा, आणि तुमच्या परवानगीशिवाय कुणाला दिसत नाहीत. आधी वाचा, मग शिव्या द्या.

घड्याळाचं म्हणाल तर बाबांना काहीच त्रास नव्हता. नाडी अनियमित असल्याचा इशारा घड्याळाने तीनदा दिला, ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोकेच अनियमित. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. पिशवीने हे सांगितलं असतं काय?

जांबोटीकर:
म्हणजे दवाखान्याने जोडलंच नसेल तर ओटीपी येऊनसुद्धा रिकामंच दिसलं असतं. माझंच म्हणणं सिद्ध केलंत, आभारी आहे.

निपाणीचा_बंड्या:
घड्याळावरून आठवलं. आमच्या मेव्हण्याने टोचल्याशिवाय शुगर सांगणारं घड्याळ आणलं, दोन हजाराला. मी ते केळ्याला बांधलं. केळ्याची शुगर 112. मेव्हणा आठ दिवस बोलत नव्हता. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्येच सांगितलंय की असल्या घड्याळांच्या भरवशावर राहू नका, बिनटोचणीचं एकही त्यांनी मंजूर केलेलं नाही. आमच्या बाजारात अजून ढिगाने.

अनगोळ_टेकी:
नाडी मोजणं वेगळं, शुगर मोजणं वेगळं. केळ्याचा मुद्दा मात्र मान्य.

आशाताई_खानापूर:
तुम्ही घड्याळावर भांडा. मी आशा म्हणून, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती म्हणून काम करतो, माझं ऐका. माझ्या मानधनाचा मोठा भाग सरकारी पोर्टलवरच्या नोंदीवर. बाळंतिणीच्या घरी चालत गेलो, बाळाचं वजन केलं, पण सर्वर डाऊन म्हणून नोंद झाली नाही, की ते काम केलंच नाही धरतात. जानेवारी 2025 ला आशांच्या आंदोलनात बेंगळूरच्या फ्रीडम पार्कात थंडीत बसलो, त्यात हे पोर्टलचं गाऱ्हाणंबी होतं. डिजिटल म्हणजे आधी वहीत लिहायचं, मग मोबाईलवर तेच परत.

वडगाव_माग:
ताई, लाख बोललात. पण खरा प्रश्न कुणी काढतच नाही. भाषा! आजीला पीएचसीत (सरकारी आरोग्य केंद्रात) ई-संजीवनीवर, म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टर बघतात त्यावर बसवलं. पडद्यावरची डॉक्टरीण बेंगळूरची, कन्नड सोडून काही नाही. "तले नोवु इदेया?" आजीने चप्पल काढून तळपाय दाखवला. डॉक्टरीण गोंधळली, नर्स हसायला लागली, आजी रुसून घरी.

हुबळी_ते_बेळगाव:
सत्तर वर्षं कर्नाटकात राहून 'तले' म्हणजे डोकं हे कळत नसेल तर दोष पडद्याचा?

वडगाव_माग:
सत्तर वर्षं ज्या भाषेत शाळा मागतोय तीच दिली नाही, आणि वर टोमणा? आजी 1956 च्या आधी, बेळगाव म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) जायच्या आधी जन्मलेली आहे. ती कुठे गेली नाही, राज्य तिच्या अंगावरून गेलं. 2024 मध्ये कन्नड विकास प्राधिकरणाने तर सरकारी डॉक्टरांच्या चिठ्ठ्याच कन्नडमध्ये हव्यात अशी मागणी केली. आता गोळी दिवसातून किती वेळा हे वाचायलाही दुभाषी न्यायचा?

हुबळी_ते_बेळगाव:
आणि इंग्रजी चिठ्ठी आजी घडाघडा वाचत होती काय? घड्याळ इंग्रजीत बोलतं तेव्हा अस्मिता दुखत नाही. फक्त कन्नड दिसलं की दुखते.

निपाणीचा_बंड्या:
हे मात्र खरं बोललास बे.

वडगाव_माग:
बंड्या, तू गप बस. तुमच्या निपाणीतून गडहिंग्लज, कोल्हापूर जवळ. आमच्याकडचे पेशंट काय करणार?

यळ्ळूरकर:
कोल्हापूरचं नाव काढलंत म्हणून. 2023 मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांना फुकट उपचारांची महात्मा फुले योजना लावली, लगेच कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी आक्षेप घेतला. आमच्याकडे इकडचं कार्डही आहे, तिकडच्या योजनेत नावही आहे. गेल्या वर्षी चुलत्याला तिकडच्या एका दवाखान्यात नेलं तर तिथला म्हणतो तुम्ही कर्नाटकाचे, इकडचा म्हणतो तुम्ही तिकडे का गेलात. शेवटी म्हैस विकली. दोन सरकारं आमच्यावर हक्क सांगतात, बिल मात्र तिसराच भरतो.

अनगोळ_टेकी:
दादा, म्हशीचं वाईट वाटलं. पण हा योजनेचा घोळ, आभाचा नाही. आभाने फुकट उपचार मिळत नाहीत, ते आयुष्मान कार्ड. लोक दोन्ही एकच समजतात आणि मग तंत्रज्ञानाला शिव्या देतात. उलट आभाला सीमा नाही. कागल नाक्याच्या अलीकडे-पलीकडे तोच नंबर.

यळ्ळूरकर:
नंबरला सीमा नाही. बरं झालं, कुणाला तरी नाही.

जांबोटीकर:
आणि सगळं कॉम्प्युटरवर गेल्यावर तो बंद पडला तर? नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहीत होते. एम्सची ही गत, आमच्या पीएचसीचं काय घेऊन बसलात.

अनगोळ_टेकी:
आणि घराला आग लागली तर तुमची पिशवी? शिवाय एक सांगतो, चिडू नका. ईसीजीचा कागद थर्मल, म्हणजे उष्णतेने छापलेला असतो. उन्हाने, उबेने, प्लास्टिकच्या स्पर्शानेसुद्धा उडतो. तुमचा दोन वर्षं टिकला हे नशीब.

जांबोटीकर:
नशीब नाही, झेरॉक्स होती. मूळ कागद केव्हाच कोरा झालाय.

आशाताई_खानापूर:
मग त्या झेरॉक्सचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा की. दोघांचंबी खरं होतंय.

जांबोटीकर:
ठेवलाय. धाकट्याने शिकवलं. पण पिशवी टाकणार नाही, ते सोडा.

अनगोळ_टेकी:
टाका कोण म्हणालं? पण आधारचा नंबर तेवढा तुमचा करून घ्या. परत मध्यरात्री वेर्ण्याला फोन नको.

वडगाव_माग:
आणि आजीचं डोकं अजून दुखतंयच. मराठी बोलणारा डॉक्टर खानापुरात कुठल्या वारी बसतो, कुणाला माहीत हाय काय?