चायनाटाउनची पोरं गँगमध्ये गेली की ओढली गेली?

केदार_फ्रीमाँट: परवा सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये वॉशिंग्टन स्ट्रीटवरून चालत होतो, गोल्डन ड्रॅगन हॉटेल होतं ना तिथून. ४ सप्टेंबर १९७७ च्या पहाटे 'जो बॉइज' नावाच्या गँगची पोरं बंदुका घेऊन आत शिरली, विरोधी गँग वा चिंगवाले दिसतील म्हणून, आणि ५ माणसं मेली, ११ जखमी, त्यात गँगचा एकही नाही. तेव्हापासून सगळे म्हणतात पोरं वाया गेलेली. मला हे पटत नाही. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी, १९४३ ला उठवली तरी वर्षाला फक्त १०५ जणांना प्रवेश. मग १९६५ चा नवा इमिग्रेशन कायदा आला आणि हाँगकाँगहून अख्खी कुटुंबं येऊन त्याच चार गल्ल्यांत कोंबली गेली. आई शिलाईच्या कारखान्यात, बाप हॉटेलच्या किचनमध्ये, पोरगं दिवसभर रस्त्यावर. त्याला हाक मारणारा पहिला माणूस कोण असणार?

मुग्धा_जे: केदार, राग मानू नकोस पण त्याच खोल्यांमधून हजारो पोरं शिकली, नोकरीला लागली. गरिबी सगळ्यांनाच होती, बंदूक मूठभरांनी उचलली. आणि लुटलं कोणाला? गोऱ्यांना नाही, स्वतःच्याच चिनी दुकानदारांना. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये मॉट स्ट्रीट घोस्ट शॅडोज गँगकडे, पेल स्ट्रीट फ्लाइंग ड्रॅगन्स गँगकडे, हॉटेलवाल्याने हप्ता द्यायचा, पोरं जेवून जातील त्याचं बिल मागायचं नाही आणि पोलिसांत गेलास तर दुकान फुटणार, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्या दुकानदाराचं कोण लिहिणार?

केदार_फ्रीमाँट: दुकानदाराचं दुःख मी नाकारतच नाही. पण त्या पोरांच्या मागे कोण होतं तेही बघ ना. मॉट स्ट्रीटवर ऑन लिऑंग टाँग, पेल स्ट्रीटवर हिप सिंग, टाँग म्हणजे चिनी लोकांच्या जुन्या संघटना. जुगाराच्या अड्ड्यांवर पहाऱ्याला पोरं लागायची. पोराला झोपायला जागा, खिशात पैसे आणि वर एक दाय लो. दाय लो म्हणजे थोरला भाऊ, आपल्याकडे दादा म्हणतात तसाच, दोन्ही अर्थांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या वा चिंगच्या नावाचा अर्थच मुळी चिनी तरुण, सुरुवातीला अमेरिकेत जन्मलेली चिनी पोरं नव्याने आलेल्यांना मारायची म्हणून ही एकत्र आली. १९६८ ला तर ती शहराच्या मानवी हक्क आयोगापुढे जाऊन बसायला एक जागा आणि शिकायची सोय मागत होती. मिळाली नाही. मग तिथल्या हॉप सिंग टाँगने त्यांना कामावर घेतलं.

सुनंदाताई: मी शाळेबद्दल बोलते. माझा मुलगा दुसरीत इकडे आला तेव्हा तीन महिने वर्गात मागच्या बाकावर चित्रं काढत बसायचा, बाईंचं काही कळायचं नाही, घरी आला की डबा तसाच, आणि रात्री विचारायचा आपण परत कधी जायचं. आम्ही दोघं शिकलेले, घरी बसून शिकवलं म्हणून निभावलं. तिथल्या आईबापांनाच इंग्रजी येत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्रजीची वेगळी मदतच नव्हती, १९७४ मध्ये लाउ विरुद्ध निकोल्स खटल्यात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की हे चालणार नाही. तोवर किती पोरं शाळा सोडून गेली असतील.

मुग्धा_जे: ताई, शाळेचं शंभर टक्के मान्य. आणि १९६५ च्याच कायद्याने आपले इंजिनिअर डॉक्टरही आले, पण डिग्री घेऊन, हा फरकही मान्य. पण मग १९९३ चं चोरून माणसं आणणारं गोल्डन व्हेंचर जहाज? न्यूयॉर्कमध्ये रॉकअवेच्या किनाऱ्यावर रुतलं, २८६ माणसं, १० मेली. त्या तस्करीत फुक चिंग गँग होती, चीनच्या फुजियान प्रांतातल्या स्वतःच्याच गरीब लोकांकडून हजारो डॉलर घेऊन. त्यांनाही शाळेने वाऱ्यावर सोडलं म्हणून माफ करायचं का?

केदार_फ्रीमाँट: माफ नाही गं. जबाबदारी वरपर्यंत न्यायची. १९८५ ला घोस्ट शॅडोजच्या २५ जणांवर एकदम रिको, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याखाली केस झाली, ठीकच झालं, पण पोरं आत गेली की अड्ड्याच्या दारावर दुसरी पोरं उभी.

मुग्धा_जे: टाँगवाल्यांना धरा, मी तुझ्याआधी सही करते. पण गोल्डन ड्रॅगनमध्ये मेलेल्यांत तिथला एक वेटरही होता, पहाटे पावणेतीनला ताटं उचलणारा. त्याच गल्ल्यांतला तोही. त्याने नाही कोणावर बंदूक धरली.