युटातल्या वाळवंटी उद्यानांत ट्रेलरसह दहा रात्री: क्रम, बोगदा, पाणी आणि वजन

चाकावरचं_घर

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या युटा राज्यात दहा रात्रींचा बेत आहे, चार राष्ट्रीय उद्यानं: झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस. लास व्हेगसकडून आय-१५ महामार्गाने येणार आणि शेवटी मोआबहून (आर्चेसजवळचं गाव) आय-७० धरून पूर्वेला जाणार. दोन मोठी माणसं, दोन मुलं (११ आणि १४).

ट्रेलर २२ फुटी, रुंदी ८ फूट, छतावरच्या एसीसकट उंची १० फूट ८ इंच, कमाल वजन ५,००० पौंड. ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलन, ग्रे (आंघोळ-भांड्यांचं सांडपाणी) ३०, ब्लॅक (टॉयलेटचं) ३०. बॅटरी एकच, १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड. गाडी मध्यम आकाराची एसयूव्ही, ओढण्याची क्षमता ७,२०० पौंड, त्यामुळे वजनाची चिंता नाही असं धरून चाललोय.

दर दोन रात्रींनी मुक्काम हलवावा असा विचार आहे. झायनहून ब्राइसला बोगद्यातून जाता येईल का? आरक्षण कधी आणि कुठलं करावं? हुकअप (जागेवर वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी) नसलेल्या ठिकाणी चौघांना पाणी आणि बॅटरी किती पुरेल? आणखी काही नजरेतून सुटत असेल तर तेही सांगा.

लाल_दगड

बोगद्यापासून सुरुवात करतो, कारण तुमचा सगळा मार्ग त्यावर ठरतो. झायन–माउंट कार्मेल बोगदा १९३० साली पूर्ण झाला, त्या काळच्या गाड्यांच्या मापाने. पूर्वी मोठ्या गाड्यांना १५ डॉलर भरून समोरची वाहतूक थांबवून मधून जाता यायचं. जून २०२६ पासून ती सोय बंद. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडीला त्या रस्त्याने जाता येत नाही. तुमची उंची बसते, पण रुंदी दोन इंचांनी जास्त आहे. रुंदी मोजताना आरसे आणि ऑनिंगही (ट्रेलरच्या बाजूला उघडणारं कापडी छत) धरतात, त्यामुळे इथे तडजोडीला जागा नाही.

ट्रेलरसकट जायचं तर झायनहून ९ नंबरच्या रस्त्याने परत आय-१५ ला या, उत्तरेला एक्झिट ९५, तिथून युटा-२०, मग यूएस-८९ ने दक्षिणेला पॅंग्विच आणि पुढे युटा-१२. साधारण १६५ मैल, ट्रेलर मागे असताना साडेतीन तास धरा. दुसरा रस्ता हरिकेनहून युटा-५९, ॲरिझोना-३८९, फ्रेडोनिया, कनाब असा. अंतर जवळपास तेवढंच, पण हरिकेनमधून निघाल्या निघाल्या चांगलाच चढ लागतो. मी पहिला निवडेन. बोगद्याच्या पलीकडचा पूर्व भाग आणि कॅन्यन ओव्हरलुकची पायवाट चुकवू नका. ट्रेलर कॅम्पवर ठेवून नुसत्या गाडीने एका सकाळी तिकडे जाऊन या.

आता मुख्य मुद्दा. दर दोन रात्रींनी हलवण्याचा विचार सोडा. या उद्यानांत ट्रेलर हे राहायचं घर आहे, फिरायचं वाहन नाही. झायनचा सीनिक ड्राइव्ह शटलच्या (उद्यानाच्या बससेवेच्या) हंगामात खासगी गाड्यांना बंद असतो, ब्राइसमध्ये सनसेट कॅम्पग्राउंडच्या पुढे ट्रेलर नेता येत नाही, आर्चेसच्या बहुतेक पार्किंगमध्ये तो वळवायलाही जागा नसते. शिवाय एक मुक्काम हलवणं म्हणजे टाक्या रिकाम्या करणं, हिच (गाडी आणि ट्रेलरमधला जोड) जोडणं, प्रवास, समतल करणं, पाणी भरणं. पाऊण दिवस त्यात जातो. माझी विभागणी: झायन ४ रात्री, ब्राइस २, मोआब ४. कॅपिटल रीफला मुक्काम न करता ब्राइस ते मोआबच्या वाटेत तीन-चार तास थांबा. फ्रुटा कॅम्पग्राउंड मिळालंच तर मोआबची एक रात्र तिकडे द्या. ७१ जागांचं आहे, हुकअप नाहीत, पण डंप स्टेशन (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) आणि पिण्याचं पाणी आहे.

आरक्षणं:

झायनचं वॉचमन कॅम्पग्राउंड. ए आणि बी लूपमध्ये वीज आहे, पण जागेवर पाण्याचा नळ किंवा सांडपाण्याची जोडणी नाही. पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला डंप स्टेशन आहे. पोचायच्या तारखेच्या बरोबर सहा महिने आधी, माउंटन वेळेनुसार सकाळी ८ वाजता रिक्रिएशन डॉट गव्ह या आरक्षणाच्या संकेतस्थळावर जागा खुल्या होतात. १० एप्रिलला पोचायचं असेल तर १० ऑक्टोबर. खातं, कार्ड आणि ट्रेलरची लांबी आदल्या रात्रीच भरून ठेवा आणि पाच-सहा साइट क्रमांक पसंतीक्रमाने लिहून ठेवा. साइटच्या माहितीत ड्राइव्हवेची लांबी असते, ती बघूनच घ्या. लांबी खोटी टाकून मिळवलेल्या जागेत ट्रेलरचं मागचं टोक रस्त्यावर येतं आणि मग उठवतात. वॉचमनचा खरा फायदा हा की शटलच्या थांब्यापर्यंत चालत जाता येतं. व्हिजिटर सेंटरचं पार्किंग हंगामात सकाळीच भरून जातं.

आर्चेसचं डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंड. मार्च ते ऑक्टोबर आरक्षण, तेही सहा महिने आधी. प्रवेशद्वारापासून १८ मैल आत. पाणी आहे, हुकअप नाहीत, डंप स्टेशन नाही.

जागा नाही मिळाली तर डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्क बघा. ते चार महिने आधी खुलं होतं. वीज मिळते, पण पाणी टँकरने आणतात, त्यामुळे टाकी खाली गावातच भरून चढायचं. तीही नाही मिळाली तर मोआबजवळ युटा-१२८ वर कोलोरॅडो नदीकाठी बीएलएमची (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या विभागाची) छोटी कॅम्पग्राउंड आहेत, गूज आयलंड, बिग बेंड वगैरे. तिथे आरक्षण नाही, जो आधी येईल त्याची जागा. शुक्रवारी दुपारी पोचून उपयोग नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहाच्या आत पोचा. पाणी नसतं.

प्रवेश शुल्क चारही ठिकाणी गाडीमागे सुटं भरलं तर ३५, ३५, २० आणि ३० डॉलर होतात. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीचा वार्षिक पास ८० चा आहे, तोच घ्या.

काटा_तोल

लाल_दगड यांनी मार्ग सांगितला. मी वजनावर बोलतो, कारण "७,२०० ची क्षमता, म्हणून चिंता नाही" हे गृहीतक धोक्याचं आहे.

ओढण्याची क्षमता संपायच्या खूप आधी पेलोड (गाडीने स्वतःच्या अंगावर पेलायचं वजन) संपतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर नको. या वर्गातल्या कित्येक गाड्यांवर तो आकडा १,२०० ते १,५०० असतो. आता तुमचा हिशेब करा. भरलेला ट्रेलर ४,८०० पौंड, हिचवर येणारा भार त्याच्या १३ टक्के, म्हणजे ६२४. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (बार ताणून हिचवरचा भार गाडीच्या पुढच्या ॲक्सलवरही वाटणारा) ८०. चौघं मिळून ५४०. मागच्या डिकीतलं सामान १५०. बेरीज १,३९४. स्टिकरवर १,३०० असेल तर ट्रेलर क्षमतेच्या दोन-तृतीयांश असूनही गाडी ओव्हरलोड आहे.

टंग वेट (हिचवर येणारा हाच भार) कमी करायला सामान ट्रेलरच्या शेपटीकडे ढकलू नका. भार १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर डोलायला लागतो, आणि कॅपिटल रीफमधून जाणाऱ्या युटा-२४ वर आडवा वारा असताना ते डोलणं आवरत नाही. १० ते १५ टक्क्यांत ठेवा. जड वस्तू ॲक्सलच्या बरोबर वर, खाली जमिनीलगत. ताज्या पाण्याची टाकी कुठे बसवली आहे तेही वाकून बघा. ४० गॅलन म्हणजे ३३४ पौंड. टाकी ॲक्सलच्या पुढे असेल तर भरल्यावर टंग वेट वाढतं, मागे असेल तर घटतं.

अंदाजावर जाऊ नका. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर प्रवासाच्या पूर्ण तयारीत तीनदा वजन करा: एकदा हिचचे बार ताणून, एकदा बार सैल करून, एकदा ट्रेलर सोडून नुसती गाडी. दुसऱ्या वजनातल्या गाडीच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेतून तिसऱ्या वजनातली बेरीज वजा केली की टंग वेट मिळतं. पहिल्या वजनात पुढच्या ॲक्सलवर भार पुरेसा परत आला नसेल तर बार आणखी ताणायचे.

टायर: एसटी (खास ट्रेलरचे) टायर थंड असताना बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत भरा, सकाळी निघण्याआधी. चालून तापल्यावर दाब १०–१५ टक्के वाढणं ठीक आहे. ती हवा कधीही सोडू नका. २० टक्क्यांच्या वर वाढला तर टायरवर भार जास्त आहे किंवा हवा कमी भरली होती. बाजूवरच्या चार आकडी कोडमध्ये आठवडा आणि वर्ष असतं. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शाबूत दिसली तरी बदला. उष्णतेत आतले थर सुटतात, बाहेरून कळत नाही, आणि फुटताना तो फेंडर आणि खालच्या पाइपलाही फाडतो. बहुतेक एसटी टायर ६५ मैल वेगासाठी असतात, आय-१५ वर बाकीचे ८० ने जात असले तरी तुमचं ६० ठीक. चाक काढून बसवलं असेल तर ५० मैलांनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

ब्राइसहून टॉरीला (कॅपिटल रीफजवळचं गाव) युटा-१२ ने ट्रेलर नेता येतो, पण एस्कलांटे आणि बोल्डरच्या मधला हॉगबॅक दोन्ही बाजूंना दरी असलेला अरुंद कणा आहे, आणि पुढे बोल्डर माउंटन ९,६०० फुटांपर्यंत चढतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पाव ताकदीहून जास्त गेलेली असते. उतारावर खालचा गिअर आधीच टाका. ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबून वेग उतरवा आणि सोडा. पहिल्यांदाच ओढत असाल तर यूएस-८९ ने उत्तरेला जंक्शन गावाजवळपर्यंत, मग युटा-६२ आणि युटा-२४ असा शांत रस्ता घ्या. युटा-१२ डोळे भरून बघण्यासारखा आहे, पण गाडी चालवणाऱ्याला ट्रेलर मागे असताना त्यातलं काही दिसत नाही.

थेंब_थेंब

पाणी आणि बॅटरी.

टाक्यांत आधी संपते ती ताज्या पाण्याची टाकी नाही, आधी भरते ती ग्रे. चौघांचा काटकसरीचा रोजचा खर्च: अंग ओलं करून नळ बंद, साबण, मग धुणं, अशी आंघोळ माणशी २ गॅलन म्हणजे ८, भांडी ३–४, टॉयलेट ३. ग्रेमध्ये रोज ११–१२ गॅलन जातात, अडीच दिवसांत ३० भरली. भांडी टबमध्ये धुवून ते पाणी कॅम्पग्राउंडच्या सांडपाण्याच्या सिंकमध्ये ओता, ग्रे टाकी जवळपास चार दिवस निघेल. जमिनीवर ओतायचं नाही. पिण्याचं पाणी टाकीच्या हिशेबात धरूच नका. माणशी रोज एक गॅलन, वेगळ्या कॅनमध्ये, गाडीत. चालायला जाताना तेच बरोबर येतं.

बॅटरीसाठी तुमची अवघड रात्र मोआबला नाही, ब्राइसला आहे. उद्यान ८,००० फुटांवर, एप्रिलमध्येही रात्री पारा शून्याखाली. फर्नेसचा (गॅसवरच्या हीटरचा) पंखा ७ अँपिअर घेतो. रात्रभरात मिळून सहा तास चालला तर ४२ अँपिअर-तास. लेड-ॲसिडमधून निम्मेच, म्हणजे ५० काढायचे. दिवे आणि पाण्याचा पंप धरला की पहाटे फर्नेस बंद पडतो. गॅसही बघा: २० पौंडी सिलिंडरमध्ये साधारण ४,३०,००० बीटीयू. फर्नेस २०,००० चा असेल तर साडेएकवीस तास, सहा तासांच्या हिशेबाने साडेतीन रात्री. दोन्ही सिलिंडर भरून निघा.

म्हणून ब्राइसच्या दोन रात्री उद्यानाच्या दाराबाहेर वीज असलेल्या जागी काढा. जागेवर नळ असला तरी रात्री होज (पाण्याचा पाइप) जोडून ठेवू नका, आतल्या पाण्यासकट गोठून फुटतो. टाकी भरा, होज काढून निथळवा, पंपावर चालवा, सिंकखालची दारं उघडी ठेवा.

चाकावरचं_घर

स्टिकर बघितलं: १,३४० पौंड. सायकली आणि कूलर ट्रेलरमध्ये ॲक्सलवर हलवून, काट्यावर जाऊन मग ठरवतो. युटा-६२ चा रस्ता घेऊ. दोन शंका. डेव्हिल्स गार्डनच्या चार रात्रींसाठी लिथियम बॅटरी आणि २०० वॉटचं सोलर पुरेल का? आणि आर्चेसला वेळेचं तिकीट लागतं का?

थेंब_थेंब

पुरेल. एप्रिलच्या उन्हात २०० वॉटमधून दिवसाला साधारण ७५० वॉट-तास, म्हणजे ६० अँपिअर-तास मिळतात, पॅनल सावलीत नसेल तर. छतावरचा एसी मात्र त्यावर चालणार नाही. मोआबच्या एप्रिलमध्ये तो सहसा लागतही नाही. जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारं ट्रेलरमधलं यंत्र) लिथियमला पूर्ण चार्ज करत नाही, त्याच्यावर लिथियम सेटिंग आहे का ते तपासा. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज होत नाही. बॅटरी बाहेर हिचपाशी पेटीत असेल तर ब्राइसच्या सकाळी वीज जोडलेली असूनही चार्जिंग सुरू होणार नाही. तो बिघाड नव्हे, ऊन चढल्यावर सुरू होतं. शक्य असेल तर बॅटरी आत बसवा.

लाल_दगड

आर्चेसला २०२२ पासून काही हंगामांत वेळेची तिकिटं होती, पहिल्या वर्षी सकाळी ६ ते संध्याकाळी ५ आणि नंतर सकाळी ७ ते दुपारी ४ पर्यंतच्या प्रवेशासाठी. डेव्हिल्स गार्डनचं आरक्षण असलेल्यांना ती लागत नसत. नियम वर्षागणिक बदलतो, म्हणून आरक्षण करतानाच उद्यानाच्या पानावर त्या वर्षाचं बघा. तिकीट नसलेल्या वर्षीही आतली पार्किंग भरली की दार काही तास बंद करतात. ट्रेलर घेऊन पोचायचा दिवस म्हणूनच आठवड्याच्या मधला ठेवा. तुम्ही आत राहणार असाल तर डेलिकेट आर्चसाठी उजाडताना वुल्फ रँचच्या पार्किंगला पोचणं सोपं आहे, जाऊन-येऊन तीन मैल, वाटेत सावली नाही.

वॉचमन मिळालं की मुलांना एंजल्स लँडिंग (झायनमधली साखळ्या धरून चढायची उंच कड्यावरची पायवाट) हवं का ते ठरवा. १ एप्रिल २०२२ पासून परवाना लागतो. आदल्या दिवसाची सोडत रात्री १२:०१ ते दुपारी ३ पर्यंत खुली असते, निकाल ४ ला. अर्जाचे ६ डॉलर, लागला तर माणशी ३. साखळ्यांच्या अलीकडे स्काउट लुकआउटपर्यंत परवाना लागत नाही, आणि ११ वर्षांच्या मुलाबरोबर मी तिथूनच परत फिरायला सांगेन.

काटा_तोल

एक राहिलं: वसंतात दुपारी वारा उठतो. कॅम्पवरून निघताना ऑनिंग गुंडाळूनच जा, पाच मिनिटांसाठी निघालात तरी. मोठ्या झोताने हात वाकले की ती बंद होत नाही, आणि उघड्या ऑनिंगने ट्रेलर रस्त्यावर आणता येत नाही. स्लाइड-आउट (ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग) असेल तर आत घेण्याआधी वरची वाळू झाडूने काढा, नाहीतर ती रबरी सील खरवडते.