विश्वाला आरंभ असेल, तर आरंभकर्ता मानावाच लागतो का?

नौपाड्याचा वाचक:
गेल्या शनिवारी वडिलांना वांगणीला आकाशदर्शनासाठी नेले होते. ते दर सोमवारी न चुकता कोपिनेश्वराला जातात. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे, हे तिथे ऐकल्यापासून त्यांचे म्हणणे असे की आरंभ आहे म्हणजे आरंभ करणारा आहेच, आणि आता विज्ञानानेच ते सिद्ध केले. मला हे पटत नाही, पण कुठे अडते ते नेमके मांडता येत नाही.

ऐरोलीकर:
महास्फोटाचा सिद्धांत शून्यातून निर्मिती झाली असे म्हणत नाही. विश्व एके काळी अतिशय उष्ण आणि घन होते व तेव्हापासून प्रसरण पावत आहे, एवढेच तो सांगतो. अगदी सुरुवातीच्या क्षणाशी आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताची समीकरणेच कोलमडतात, म्हणून त्यापलीकडचे काहीही त्यांच्या आधारे सिद्ध करता येत नाही. ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. तरीही १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी तिचा संबंध ईश्वरी निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही.

कोपरीची वाचक:
जयंत नारळीकरांनी तर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासह एकमेव आरंभ नसलेल्या विश्वाचीच बाजू लावून धरली. बहुतेक शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. पण उद्या तशी निरीक्षणे मिळाली, तर काकांनी सोमवारी देवळात जाणे सोडावे का? आपल्याकडे सृष्टी आणि प्रलय यांचे चक्र अनादी मानूनही लोक ईश्वर मानत आलेच आहेत.

खारघरचा वाचक:
दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तरी काकांचा प्रश्न इतक्यात निकालात काढू नये असे मला मनापासून वाटते. विश्व अनादी असले, तरी ते मुळात का आहे आणि नियमांनी का चालते, हे उरतेच. हा प्रश्न दुर्बिणीच्या कक्षेतला नाही. म्हणून तो निरर्थक ठरत नाही.

नौपाड्याचा वाचक:
हे सारे वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी एवढेच विचारले, “मग ते लमेत्र शेवटपर्यंत धर्मगुरूच राहिले का?”

ऐरोलीकर:
हो, जून १९६६ मध्ये निधन होईपर्यंत. त्या उष्ण अवस्थेचे अवशेष असलेले, आता २.७ केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे उणे २७० अंश सेल्सिअसपर्यंत थंडावलेले प्रारण सापडल्याची वार्ता त्यांना आजारपणात, मृत्यूच्या थोडेच आधी कळली होती. काकांना जरूर सांगा.