तारेच्या वेटोळ्यांची जोडी जुळत नाही, मदत हवी आहे

कानातल्यांसाठी तांब्याच्या तारेची चपटी वेटोळी करते आहे. तार २० गेजची, म्हणजे साधारण ०.८ मिमी, वर कसलाही मुलामा नाही. गोल नाकाच्या पकडीने सुरुवात करते आणि शेवटपर्यंत तीच वापरते. एकेकटं वेटोळं छान दिसतं, पण दोन शेजारी ठेवली की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

मधोमध गोल कडी हवी, तिथे स्वल्पविराम होतो, कारण तारेचं अगदी टोक सरळच राहतं. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यापासून फट पडायला लागते. ती बुजवायला दाबलं की मधला भाग वर उचलला जातो. उलगडून पुन्हा वळवावं, तर तार इतकी ताठरते की नागमोडी राहते ती राहतेच. शिवाय पकडीचे वळ उठतात.

जोडीतलं एक डावीकडे आणि एक उजवीकडे वळलेलं हवं आहे. उलट दिशेने वळवायला हात अजिबात साथ देत नाही. हा जोड बहिणीला द्यायचा आहे, त्यामुळे कितीही वेळा पुन्हा करायची तयारी आहे. तार किती कापायची याचा काही हिशेब असतो का?

प्रतिसाद:
गोल नाकाची पक्कड फक्त पहिल्या फेऱ्यापुरती. टोक सपाट कापा, कानशीने घासा आणि पकडीच्या शेंड्याशी असं धरा की बोट फिरवल्यावर टोक जराही लागणार नाही. मग वळवा. कडी झाली की ती चपट्या पकडीत आडवी धरा, नायलॉनच्या जबड्याची असेल तर वळही उठणार नाहीत. अंगठ्याने तार आधीच्या फेऱ्याला चिकटवत दोन-तीन मिमी ढकला, पक्कड सरकवा, पुन्हा ढकला. मोठा घास घेतला की फट पडलीच. जबडे दोन्हीकडून दाबून धरतात, म्हणून मधला भाग उचलला जात नाही.

तांबं जितकं वाकवाल तितकं कडक होतं. ती तार टाकू नका. चिमट्यात धरून मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा, मऊ होईल. काळा थर सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात निघतो. मुलामा दिलेल्या तारेला मात्र हे करू नका.

हिशेब असा: त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४, भागिले तारेची जाडी. १० मिमी व्यासाच्या घट्ट वेटोळ्याला तुमची तार सुमारे ९८ मिमी लागेल, अडकवायच्या कडीसाठी वेगळी धरा.

आणि दुसरं उलट वळवूच नका. दोन्ही एकाच दिशेने वळवा आणि एक पालथं घाला.

धागाकर्ती:
पालथं घालून पाहिलं, खरंच जोडी झाली! इतके दिवस हे कसं सुचलं नाही. आता दोन्ही तुकडे एकत्र मोजून प्रत्येकी ११५ मिमीचे कापलेत. वेटोळं हातोडीने ठोकायचं कधी, अडकवायची कडी करण्याआधी की नंतर?

प्रतिसाद:
आधी. पण कुठलं वेटोळं कुठल्या बाजूने दिसणार हे ठरवून मगच, कारण ठोक्यांच्या खुणा त्याच बाजूला हव्यात. पोलादी ठोकळ्यावर ठेवून बाहेरच्या फेऱ्यावर हलके ठोके द्या. शेपटीला, म्हणजे अडकवायच्या कडीसाठी ठेवलेल्या तारेला, हातोडी लावू नका, ती मऊ असली तरच कडी नीट वळते.