शाळेने दिलेलं 'बाळ' सांभाळलंय का कोणी? अनुभव सांगा

माझी पुतणी नागपुरात अकरावीला आहे, बालविकास विषय घेतलाय. तिच्या मॅडमनी वर्गाला सांगितलं की प्रत्येकाने आधी काही दिवस पोटाला वजन बांधून वावरायचं आणि मग एक 'बाळ' घरी नेऊन सांभाळायचं, रात्रीसकट. घरात दोन तट पडलेत, वहिनी म्हणते करू दे, दादा म्हणतो हे काय भलतंच. अमेरिकेतल्या शाळांत हे बरंच जुनं आहे. तिकडे अंडं नाहीतर पिठाची पिशवी द्यायचे, मग १९९० च्या दशकात रडणारी इलेक्ट्रॉनिक बाहुली आली, 'बेबी थिंक इट ओव्हर' नावाची, आता तिला 'रिअलकेअर बेबी' म्हणतात, मान नीट धरली नाही तर तेही ती नोंदवून ठेवते. आपल्याकडे कोणी असं केलं असेल तर सविस्तर लिहा ना, मुलांनी, पालकांनी, शिक्षकांनी, सगळ्यांनीच.

बारावीवाली, सक्करदरा

मी केलाय हा प्रोजेक्ट मागच्या वर्षी. पोटाचा भाग आधी होता. शाळेची बॅग पुढून घालायची आणि आत वाळूच्या पुड्या, रोज थोड्या थोड्या वाढवत न्यायच्या. मॅडमनी फळ्यावर हिशोब मांडला होता, गरोदरपणात साधारण १० ते १२ किलो वजन वाढतं, त्यात बाळ ३ किलोच्या आसपास, वार अर्धा किलो, गर्भजल लिटरभर, बाकी वाढलेलं रक्त, गर्भाशय, चरबी. मला तोवर वाटायचं सगळं वजन बाळाचंच असतं. चालणं जमतं हो, त्रास होतो तो वाकायचा. बुटाची लेस बांधायला भिंतीला पाठ टेकून पाय पलंगावर ठेवला तरी हात पोचेना, शेवटी चप्पल घालून गेली. आमच्याकडे अजून खालीच बसून जेवतात, तर जेवण झालं की एक हात जमिनीवर, एक हात आईच्या खांद्यावर, तेव्हा कुठे उठणं व्हायचं. बसमध्ये पोट्टे हसून राहिले होते, एका भाजीवाल्या मावशीने आपली टोपली पायाशी ओढून घेतली आणि मला बाजूला बसवलं. सांगितलं शाळेचं आहे तर म्हणे मागच्या सीटवर नको बसत जाऊ, तिथे गचके जास्त बसतात. बस्स, एवढंच, पण मला फार बरं वाटलं.

मग बाळ. तांदळाची पिशवी, आईच्या जुन्या सुती साडीत शिवलेली, डोकं वेगळं शिवून सैल जोडलेलं, म्हणजे हाताचा आधार काढला की मान मागे पडते. रात्री मॅडम ग्रुपवर मेसेज टाकायच्या, 'बाळ उठलं', वेळ काही ठरलेली नाही, आणि आपण उठून कार्डावर लिहायचं, पाजलं, ढेकर काढली, लंगोट बदललं. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं हे आमचं पाठ होतं, पण त्यात रात्रपण येते हे मी कधी मोजलंच नव्हतं. डिसेंबर होता, फरशी बर्फासारखी गार.

पहिल्याच रात्री आजी उठून बसली. म्हणे दे मले, तू झोप. मी म्हटलं आजी नियमात नाही बसत, एकटीनेच करायचं आहे. तर म्हणे कोन्त्या घरात एकटी पोरगी लेकरू पोसते वं? आणि घेतलंच तिने. लुगड्याची झोळी बांधून दिली, तांदळाच्या पिशवीला तेल कसं लावायचं तेपण दाखवलं, पाय घोट्यापासून वर चोळायचे, डोकं कोपराच्या खोबणीत. मी हे सगळं वहीत लिहिलं, आणि हेपण लिहिलं की एकटीने करायचा नियम मला पटला नाही, कारण मग आपण असं शिकतो की आईला कोणाचा आधार नसणं हेच बरोबर. मॅडमना ते आवडलं असावं, नंतरच्या कार्डात 'कोण कोण उठलं' असा रकाना आलाय म्हणे.

हिंगणा रोड

आमच्या वर्गात मुलं कमी, पण आम्हालाही दिलं होतं बाळ आणि ते बरंच झालं. मला सगळ्यात लागलं ते हे की पाहुणे आले की बाबा ती पिशवी आतल्या खोलीत ठेवायला लावायचे, माझ्या बहिणीने तिच्या वर्षी हेच केलं तेव्हा कोणी काही लपवलं नव्हतं, उलट शेजारच्या काकू कौतुकाने बघायला आल्या होत्या. मी विचारलं बाबांना, माझ्या वेळी तुम्ही रात्री उठायचे का. ते म्हणे एमआयडीसीत शिफ्ट होती, सुट्टी कोण देतो. मग मी शोधून वाचलं, आईला २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे (१० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी), वडिलांना केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस, आणि खासगीत कायद्याने काहीच नाही. म्हणजे माझे बाबा उठले असते तरी सकाळी मशीनवर उभं राहायचं होतंच. हे मी प्रोजेक्टमध्ये लिहिलं, बाबांना वाचून दाखवलं. पुढे एका रात्री मेसेज आला तेव्हा मी गाढ झोपेत, बाबांनीच उठवलं, आणि ढेकर काढायला खांद्यावर कसं घ्यायचं, पाठीवर हात खालून वर कसा फिरवायचा ते दाखवलं. म्हणजे त्यांना येत होतं सगळं!

नंदनवनचा पालक

मला नाही पटलेलं. पोरगी नीटची तयारी करते, झोपेचं खोबरं कशाला? पुस्तकातून शिकवा की. पोटाला बॅग बांधून रस्त्याने फिरवायची काय गरज.

पर्थला (ऑस्ट्रेलिया) होते काही वर्षं

वरच्या काकांची काळजी खरी आहे म्हणून लिहिते. तिकडे आमच्या ओळखीतल्या मुली शनिवार-रविवारी ती रडणारी बाहुली घरी आणायच्या. यावर मोठा अभ्यास झाला, पर्थ भागातल्या ५७ शाळा, १३ ते १५ वयाच्या २८०० हून जास्त मुली, आणि वयाच्या २० पर्यंत त्यांची नोंद ठेवली. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात आला. हेतू होता कमी वयातली गरोदरपणं कमी व्हावीत, झालं उलटंच. बाहुलीचा कार्यक्रम केलेल्यांपैकी ८ टक्के मुलींना २० च्या आत मूल झालं, न केलेल्यांत ४ टक्के. गर्भपात ९ टक्के आणि ६ टक्के. तर बाहुली दिली की मुली घाबरतील आणि शहाण्या होतील ही कल्पना सोडून द्यावी. घाबरवण्यासाठी करायचं असेल तर नकोच. समजण्यासाठी, मुलगा-मुलगी दोघांनी, आणि सोबत शरीराबद्दल, गर्भनिरोधनाबद्दल, नाही म्हणण्याबद्दल सरळ बोलणार असाल तर जरूर करा. बाहुली घरी पाठवणं सोपं आहे हो, बोलणं अवघड, म्हणून ते राहून जातं.

प्रसूती वॉर्डातली सिस्टर

पर्थवाल्या ताईंना पूर्ण अनुमोदन. मी रोज बघते म्हणून सांगते, पिशवीला टाके नसतात, रक्तस्राव नसतो, कारण नसताना रडू येत नाही. पिशवी दूध ओढत नाही. पहिल्यांदा छातीला लावताना कितीक पोरी घामाघूम होतात, बाळाचं तोंड नुसतं बोंडीवर नाही, आजूबाजूच्या काळ्या भागावर मोठं उघडून यायला पाहिजे, नाहीतर चिरा पडतात, आणि सासू बाजूला उभी राहून म्हणते दूधच नाही हिला. दूध असतं, पहिले दोनतीन दिवस चीक येतो, थोडाच असतो, पिवळसर, तो तासाभरात द्यायचा, टाकायचा नाही. हे प्रोजेक्टमध्ये घाला. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड वाचायला द्या मुलांना, लोहाच्या गोळ्या १८० दिवस का, जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी या लसी का, १०२ ला फोन केला की गाडी फुकट येते हेपण.

आणि अगदी लहान वयाच्या पोरी येतात आमच्याकडे. रक्त कमी, बीपी वाढलेलं, झटके येण्याची भीती. १८ च्या आतली असली की पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं, त्या धास्तीने घरचे आणतच नाहीत आणि आणतात तेव्हा उशीर झालेला असतो. अशा पोरीला वॉर्डात कोणी टोचून बोललं की माझा जीव तुटतो. तिच्या वर्गात कोणीतरी आधी नीट बोललं असतं ना, मुलांशी तर आधी.

शिक्षिका, धरमपेठ

आमच्या ज्युनियर कॉलेजमध्ये मी हे घेते, म्हणून दादांसाठी सांगते कसं घेते ते. आधी पालकांची सभा आणि लेखी संमती. ज्याच्या घरी खरंच लहान भावंडं सांभाळावी लागतात त्या मुलीला पिशवी देत नाही, ती वर्गाला शिकवते, तिचे गुण पूर्ण. घरात नुकतं कोणाचं बाळ गेलं असेल, कोणाचा गर्भ पडला असेल तर त्या मुलाला दुसरा विषय, आणि कारण वर्गात विचारायचं नाही. अंडं मी कधीच देत नाही, फुटलं की पोरं हसतात आणि ज्यांच्या घरी असं दुःख झालंय त्यांना ते हसू ऐकावं लागतं. परीक्षेच्या महिन्यात नाही, रात्रीचे मेसेज फक्त शनिवारी. नंदनवनचे दादा, तुमच्या मुलीच्या कॉलेजला हे मागता येईल, मागा. सिस्टर, तुम्ही एक तास वर्गावर याल का, चीक आणि छातीला लावणं हे माझ्यापेक्षा तुम्ही नीट सांगाल, मुलं बसलेली असतील हे आधीच सांगते. आणि नागपुरात कोणाकडे धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साड्या असतील तर द्या, नवीन कापड टोचतं, दिवाळीनंतरच्या बॅचला पिशव्या शिवायच्या आहेत.