मदत हवी : प्रोग्राम क्रॅश होते पण स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनातून कुठं जाऊन पडला त्याची यादी) भेटत नाही

काटेवाला_दर्यापूर : भाऊ लोकहो अर्जंट आहे. जिनिंगच्या वजनकाट्याचा सी भाषेतला प्रोग्राम मधातच सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याची चूक) देऊन बंद पडून राहिला. युलिमिट (कोर फाइलच्या साइजची मर्यादा) अनलिमिटेड केलं तरी कोर फाइल (क्रॅशच्या वेळची मेमरीची नक्कल) बनत नाही. जीडीबीत (चुका शोधायच्या डीबगरमध्ये) बीटी, म्हणजे स्टॅक ट्रेस, कसं काढायचं सांगा, बाहेर कापसाच्या गाड्यांची लाइन लागली आहे.

अकोट_लिनक्स : सिस्टिम कोणती? प्रोग्राम हातानं सुरू करता का आपोआप होते? कंपाइल करताना -जी (डीबगची माहिती ठेवणारा पर्याय) होतं का?

जुना_प्रोग्रामर : जीडीबीच्या नादी लागू नका. जागोजागी प्रिंटएफ (स्क्रीनवर छापायचं फंक्शन) टाका, सापडते.

अकोट_लिनक्स : नाही हो दादा, प्रिंटएफचं आउटपुट बफरमध्ये अडकते, क्रॅश झाला की शेवटच्या ओळी छापल्याच जात नाहीत आणि माणूस भलत्याच जागी शोधत बसते. टाकायचंच तर एसटीडीएररवर (चुकांच्या आउटपुटवर, ते बफरमध्ये अडकत नाही) टाका.

वऱ्हाडी_पोरगा : विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सगळं दिसते.

काटेवाला_दर्यापूर : विंडोज नाही, रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर) आहे. लाईट आली की सिस्टिमडी (लिनक्सवर प्रोग्राम आपोआप चालवणारी व्यवस्था) सर्व्हिस आपोआप सुरू होते. मेकफाइलमध्ये (कंपाइलच्या सूचनांच्या फाइलमध्ये) -ओ२ (वेग वाढवायचा पर्याय) -एस दिसून राहिलं.

अकोट_लिनक्स : मग बरोबर आहे, टर्मिनलातलं युलिमिट सर्व्हिसला लागतच नाही. सर्व्हिस फाइलमध्ये लिमिटकोर=इन्फिनिटी टाका, वर्किंगडिरेक्टरी लिहायची परवानगी असलेली द्या, डेमन-रीलोड करून रीस्टार्ट मारा. आणि -एस काढा, त्यानं सिम्बॉल (फंक्शनची नावं) उडतात, बीटीत नुसते प्रश्नचिन्ह येतील. -जी -ओ० (वेगाची सुधारणा बंद) लावा.

जुना_प्रोग्रामर : कोर आला की बिल्ड नंतर केला तरी चालते.

अकोट_लिनक्स : नाही चालत. ज्या बायनरीनं (कंपाइल झालेल्या फाइलनं) कोर टाकला तीच जीडीबीला द्यावी लागते, नाहीतर पत्ते जुळत नाहीत आणि ट्रेस खोटा निघते. आधी बिल्ड, मग क्रॅश.

काटेवाला_दर्यापूर : आला कोर! बीटीत वर लिब-सीचं (सीच्या तयार लायब्ररीचं) स्ट्रटोल (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन), खाली माझं फंक्शन वजन_वाचा, काटा.सी ओळ ८८. फ्रेम (ट्रेसमधली पायरी) बदलून प्रिंट केलं तर स्ट्रसीएचआरचा (अक्षर शोधणाऱ्या फंक्शनचा) पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, आहे, आणि बफरमध्ये अर्धाच आकडा, अधिकची खूण गायब.

अकोट_लिनक्स : म्हणजे सिरियल पोर्टवरून तुटका आकडा आला. रीड (पोर्टवरून वाचणारं फंक्शन) एका दमात पूर्ण ओळ देईलच असं नसते, ओळ संपेपर्यंत जमा करा, आणि पॉइंटर नल असेल तर तो आकडा सोडून द्या.